सरकारला कळवलेली कढई

गणपतीत मला एक कढई मिळाली आणि ते सरकारला कळवायलाच हवं, असं मी ठरवलं. हे काही ठिकाणावर असलेल्या डोक्याचं काम वाटणार नाही. नव्हतंच. त्यासाठीच तर मला भत्ता मिळत होता.

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेऱ्यात, गुंगालिन नावाच्या उपनगरात मी एकटी राहायचे. काम सॉफ्टवेअर टेस्टरचं. लॉकडाउनच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट संपलं ते पुन्हा मिळालं नाही, पण त्याच्या आधीच माझं काहीतरी बिनसलं होतं. फोन वाजला की छातीत धडधड, फोन लावायचा म्हटलं की हातपाय गार. मीटिंगमध्ये कुणी माझं नाव घेतलं की मी लॅपटॉप मिटून बाथरूममध्ये जाऊन बसायचे. डॉक्टरीणबाईंनी याला अँग्झायटी म्हणतात असं सांगितलं, सर्टिफिकेट दिलं आणि आजारपणाच्या सरकारी भत्त्यासाठी अर्जही करायला लावला. अर्ज मंजूर झाला, तेव्हापासून मला चोरी केल्यासारखं वाटायला लागलं.

कारण मी माझ्या आईची मुलगी. आई पुण्यात पोस्टात काउंटरवर होती. एकदा गर्दीत बसचा कंडक्टर आमचं तिकीट फाडायला विसरला, तर आई उतरल्यावर डेपोपर्यंत चालत गेली आणि पैसे भरून आली. मी सहा वर्षांची होते आणि माझी चप्पल तुटली होती. फुकटचं पचत नाही, हे आमच्या घरचं पथ्य. अशा बाईला भत्त्याचं कसं सांगणार? तिचा फोन मी उचलायचेच नाही. ‘मीटिंगमध्ये आहे’ असा मेसेज टाकायचे. चार महिन्यांत तिची खात्री पटली होती की ती कंपनी माझ्याच जिवावर चालली आहे.

भत्ता घ्यायचा तर निदान नीट आजारी तरी असावं, म्हणून मी स्वतःला नियम घातले. रोज मुगाची खिचडी. तळण बंद. बाहेर गवतावर पांढरं दव गोठलेलं असलं तरी हीटर बारीक, कारण वीज करदात्यांची. सिरियल बघायची ती रडकी. त्यात आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक सरकारी नोकर. माझी फाइल यांच्यापैकीच कुणीतरी पास केली असणार असं धरून मी जिन्यात भेटेल त्याला सॉरी म्हणायचे. वरच्या मजल्यावरचा एक बिचारा रोज मास्कमधून ‘नो वरीज’ म्हणायचा. तो झाडं मोजायच्या खात्यात होता, हे मला फार उशिरा कळलं.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाने व्हिडिओ कॉलवर हाऊजी ठेवली. मी कॅमेरा बंद करून बसले. नंबर मंडळाचे सेक्रेटरी पुकारत होते आणि ते म्यूटवर होते. दहा मिनिटं हा गृहस्थ आवेशाने तोंड हलवत होता. चाळीस घरं त्यांना ओरडून सांगत होती, तीही म्यूटवरच. शेवटी त्यांची बायको लाटणं हातात घेऊन आली आणि तिने बटण दाबलं. त्यानंतर सेक्रेटरींचं जे पहिलं वाक्य आम्हाला ऐकू आलं, ते होतं, “तू मध्ये बोलू नकोस.”

मी हसले. पोट धरून, खुर्चीवरून खाली घसरेपर्यंत हसले. थांबलं की पुन्हा फुटायचं. त्या भरात मला फुल हाऊस लागलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी दाराशी बक्षिसाची कढई ठेवून लांब जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मग, काम कसं चाललंय?”

“एकदम जोरात,” मी म्हटलं.

दर पंधरवड्याला एक फॉर्म भरावा लागे. त्यात काही मिळकत झाली का, असा प्रश्न असायचा. भांड्यांसाठी रकाना नव्हता. पण खरं टोचत होतं ते वेगळंच. मी अख्खी दुपार हसले होते. हसणारा माणूस कसला आजारी? म्हणजे मी ठणठणीत होते आणि लबाडी करत होते. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

मग मी भत्त्याच्या ऑफिसला फोन लावला. उलटी झालीच तर म्हणून शेजारी बादली घेतली. सव्वा तास तोच तो पियानो ऐकल्यावर एका माणसाचा आवाज आला. तोही घरूनच काम करत असावा, कारण मागे कुत्रा भुंकत होता. तो बोलला इंग्रजीतच, पण मला मराठीत आठवतं.

“मला एक कढई मिळाली आहे,” मी म्हटलं.

“काय मिळालं?”

“तळायचं भांडं. बक्षीस. आणि मी हसले.”

“बरं.”

“दुपारभर. तेव्हा भत्ता बंद करायचा असेल तर करा.”

तो काहीतरी टाइप करत होता. “इथे लिहिलंय की तुम्हाला फोन लावणं जमत नाही.”

“हो.”

“आता कसं वाटतंय?”

“शेजारी बादली ठेवली आहे.”

तो टाइप करायचा थांबला. कुत्रा बोलत राहिला. मग तो इथल्या पद्धतीने एकदम दोस्तीत येऊन म्हणाला, “हे बघ मेट, भांडं तुझं. हसलीस त्याची नोंद आम्ही ठेवत नाही. आणि लबाड लोक बादली घेऊन सव्वा तास थांबत नाहीत. तू आजारी आहेस. अजून काही?”

“तळलं तर चालेल ना?”

“तळ की,” तो म्हणाला.

सरकारची परवानगी मिळाल्यावर मी वड्यांसाठी कुकरला बटाटे लावले. फोन हातातच होता. खाली ठेवला तर पुन्हा धीर होणार नाही, हे मला माहीत होतं. मी आईला लावला.

“कोण गेलं?” आईने उचलताच विचारलं.

कुणी गेलेलं नाही, हे पटवायलाच दोन मिनिटं लागली. मग मी सगळं सांगितलं. नोकरी, धडधड, खोट्या मीटिंगा, भत्ता. मला डेपो दिसायला लागला.

“टॅक्स भरत होतीस ना तिकडे?” तिने विचारलं.

“हो. सात वर्षं.”

“मग तिकीट काढलंयस तू. बस आता निमूट खिडकीशी.”

मी इतकी रडले की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. बटाट्यांचा लगदा झाला, वडे वळता येईनात. तरी तसेच वेडेवाकडे सोडले. आई फोनवरच होती, आणि तेल अजून तापलं नाहीये हे तिला पुण्यात बसून आवाजावरून कळलं. बादली कुठे ठेवली, ते मला संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.