जरा तिरकी कर

लेक दुपारभर ड्रॅगनवर स्वार व्हायला शिकणाऱ्या मुलीची कादंबरी वाचत होती. मध्येच म्हणाली, "आई, हा ड्रॅगन बघ ना. तिनं मानेवर हात ठेवून थोडं थांबल्याशिवाय तो उडतच नाही. आणि तिला हे शिकवणारा तिच्या प्रेमात पडलाय."

मला आमची जुनी निळी स्कूटर आठवली. लग्नानंतर यांनी मला ती शाळेच्या मैदानावर शिकवली. मी नुसत्याच किका मारून दमायचे. हे म्हणायचे, "अगं, आधी तिला जरा तिरकी कर. पेट्रोल उतरू दे, मग किक मार." मी तिला अंगाकडे कलती घ्यायचे, क्षणभर थांबायचे, आणि ती फुरफुरत सुरू व्हायची. मागे बसून हे कानाशी "सावकाश" म्हणायचे, तेव्हा जमीन कुठे असायची कोण जाणे.

स्कूटर केव्हाच विकली. आज संध्याकाळी फिरायला निघताना हे खुर्चीतून उठू लागले. हल्ली यांचे गुडघे ऐकत नाहीत. आधी एका बाजूला जरासे कलले आणि तसेच थांबले. मी घाई केली नाही. हात पुढे धरला आणि यांच्या कानाशी म्हणाले, "सावकाश."