बोटांचा डॉक्टर

"आधी हात दाखव." पोट दुखत असो की कान, दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला डॉक्टर पहिल्यांदा हेच म्हणायचे. नखांत माती दिसली की नळाकडे पिटाळायचे. आमच्या गल्लीतले तात्या एकदा चिडले, "मला खोकला हाय. खोकल्याला नखं असत्यात व्हय?"

"धुवा तात्या. तवर खोकला कुठं पळून जात न्हाय."

मी त्या दवाखान्यात नऊ वर्षं झाडलोट केली, चिमटे-कात्र्या उकळल्या. डॉक्टर मूळचे आमच्या निरवांगीचेच. बापाची मेंढरं होती. हा एकटा शिकला, नौदलात सर्जन झाला. सगळी नोकरी समुद्रावर आणि बंदरातल्या इस्पितळांत काढली. बायको वारली, तसे गावी परतले आणि दोन खोल्यांत दवाखाना मांडला.

लोक म्हणायचे, बोटीचा डॉक्टर आलाय. लासुर्ण्यापर्यंत जाता जाता त्याचं 'बोटांचा डॉक्टर' झालं. तिकडचा एक म्हातारा कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात फाटलेलं बोट हळदीच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

"आबा, मी बोटीवर होतो. जहाजावर."

"आसाल की. पर ह्ये बोट बघा आधी."

डॉक्टर इतके हसले, की त्यांना खाली बसावं लागलं. मग उठून हात धुतले आणि बोट शिवलं. असं शिवलं, की म्हातारा पुन्हा धार काढायला लागला. त्यानंतर लांबलांबून बोटंच यायला लागली. कुट्टीत गेलेली, मोटारीच्या पट्ट्यात अडकलेली, कोयत्याखाली आलेली.

मी एकदा विचारलं, "हलत्या बोटीवर माणसाचं पोट कसं फाडायचा?"

"पट्ट्यानं सोताला टेबलाला बांधून घ्यायचं. सगळं हलतं, त्याच्यासंगं आपण हलायचं. हात तेवढा हलू द्यायचा न्हाय." हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. तेवढा गर्व त्यांना होता. असावा.

पुढं त्यांच्या बशीतला चहा सांडायला लागला. मी फरशी पुसायची. मग एका बाईच्या अंगठ्याला टाका घालताना सुई दोनदा भलतीकडे गेली. ती किंचाळली. ती गेल्यावर मी दार लोटलं.

"डॉक्टर, तुमचा हात हलतोय."

"ठावं हाय मला."

"मग कुणाचं तरी वाटोळं झाल्यावर थांबणार का?"

त्यांनी नळाखाली हात धरले. "वैनी, आजपासनं सुई धरणार न्हाय. शब्द देतो." सुयांचा डबा मी माझ्या हातानं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. त्यानंतर ते ताप बघायचे, गोळ्या द्यायचे.

चार महिन्यांनी माझ्या सुनेचा उजवा हात कुट्टीत गेला. मुलगा बारामतीला एमआयडीसीत कामावर होता. मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. अंगठ्याशेजारचं बोट कातड्याला लोंबत होतं. मी स्टुलावर चढून डबा काढला.

"शिवा."

"न्हाय वैनी."

"माझी सून हाय ती!"

"कुणाची बी असती तरी न्हाय."

"शब्द मी घेतला होता ना? मीच सोडते. धरा सुई."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. मी बघितले नाहीत.

त्यांनी बोट धुतलं, घट्ट बांधलं, शेजाऱ्याची जीप बोलावली आणि स्वतः बरोबर बसले. बारामतीपर्यंत तिचा हात वर धरून होते. तिथल्या डॉक्टरांनी बोट काढून टाकलं. ते लगेच शिवलं असतं तर राहिलं असतं का, हे मी कुणाला विचारलं नाही.

मी पुन्हा दवाखान्याची पायरी चढले नाही. तेच रोज सकाळी आमच्याकडे यायचे, सुनेची पट्टी बदलायचे. जखम भरल्यावर तिला भाकरी थापायला परातीपुढं बसवायचे. "जोर हातावर दे. बोटं नुसती फिरव. येतंय, येतंय." ती रडायची. ते पुन्हा सांगायचे. मी चुलीपुढून उठत नसे. त्यांना चहा विचारला नाही.

एकदा जाता जाता म्हणाले, "वैनी, राग हाय का?"

"व्हय."

"आसू द्या."

थंडीत ते गेले, दवाखान्यातल्या खुर्चीतच. त्यांच्या मातीला सून गेली. मी गेले नाही. शब्द मी मागितला होता, त्यांनी तो पाळला, आणि पाळला म्हणून मी बोलणं टाकलं. ह्याला काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

सून आता भाकरी थापते. पिठावर तिच्या बोटांचे ठसे उमटतात, अंगठ्याशेजारची जागा कोरी राहते. भाकरी गोल होते. दोन्ही वेळेला मी तीच खाते.