आजचे साहेब

माझे बाबा रिक्षावाल्याला साहेब म्हणतात. बँकेतल्या शिपायाला, सिलेंडरवाल्याला, सोसायटीच्या वॉचमनलाही. कोकणातून डोंबिवलीला आले तेव्हा ते एका कंपनीत हेल्पर होते, आणि तिथे सगळेच त्यांचे साहेब. पुढे बढती मिळाली तरी तोंडात बसलेला शब्द सुटला नाही. मला त्याचं हसू यायचं आणि चारचौघांत लाजही वाटायची.

मध्यंतरी कारखान्यांच्या बाजूने असा उग्र वास यायला लागला की डोळे चुरचुरायचे. मी बाल्कनीत उभी राहून व्हिडिओ केला. तक्रार करायला गेलं की पोलीस आमचीच उलटतपासणी घेतात, असं तावातावाने बोलले आणि अकाउंटवर टाकला. अकाउंट प्रायव्हेट, मैत्रिणी आणि मावशी, एवढ्याच. मावशीचा ऊर भरून आला. तिने दुसऱ्या फोनवर तो रेकॉर्ड केला आणि ‘आमची वाघीण’ असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर धाडला. तिथून तो कुठे कुठे फिरला देव जाणे. आठवड्याभरात पोलीस स्टेशनमधून बाबांना फोन आला, आणि ते मला घेऊन तिथे गेले.

“अफवा पसरवते म्हणून तक्रार आलीय,” तिथले अधिकारी म्हणाले. “अजून काय काय टाकते ते बघू दे. मोबाईल दाखव.”

“ते प्रायव्हेट आहे. असं बघता येत नाही तुम्हाला.”

“दे गं,” बाबा पुटपुटले. “साहेब मागतायत ना.”

मी दिला. फोन हातातून गेल्यावर मला आठवलं, आत काय आहे ते.

मी बाबांचे चोरून व्हिडिओ काढायचे. ‘आजचे साहेब’ असं नाव द्यायचे, दिवसभरात ते किती जणांना साहेब म्हणाले तो आकडा टाकायचे आणि मागे हशा जोडायचे. मैत्रिणी त्यावर जाम फिदा होत्या.

अधिकाऱ्यांचा अंगठा नेमका तिथेच थांबला. त्यांनी आवाज वाढवला. “साहेब, स्टेशनला येणार का?” रिक्षावाल्याला विचारणारा बाबांचा आवाज, मागोमाग हशा. मग वॉचमन, मग सिलेंडरवाला. शेजारच्या टेबलावरची कॉन्स्टेबल उठून बघायला आली. अधिकारी हसले आणि फोन बाबांकडे वळवला.

“हे तुम्हीच ना?”

बाबांनी चष्मा सारखा केला. शेवटपर्यंत बघितलं. “हो, साहेब,” म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कायदा शिकवायला निघालेली वाघीण बाबांच्या मागे सरकली. बाबांनीच हात जोडले. “लहान आहे, साहेब. पुन्हा नाही करणार.” त्या शब्दावर आम्ही सुटलो. वासाचा व्हिडिओ समोर बसवून डिलीट करायला लावला. बाबांच्या व्हिडिओंबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

बाहेर आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, “हे कधी काढलंस गं?”

मी तिथेच सगळे काढून टाकायला लागले.

“राहू दे,” ते म्हणाले. “मैत्रिणींना आवडतात ना.”

वास अजून येतो. आम्ही खिडक्या लावून घेतो. सकाळी बाबा एकटे निघाले की मला वरून ऐकू येतं, “काय साहेब, झाला का चहा?” मी बरोबर असले की ते आधी माझ्या हाताकडे बघतात, आणि वॉचमनला नुसती मान हलवतात.