पाचट बघायला पाहुणे येणार होते, म्हणून आमच्या लोकांनी पाचटच जाळलं

मंगळवारी दुपारी घोडेगावहून परतले. भाचीचा साखरपुडा होता म्हणून दोन दिवस माहेरी होते. ओतूरच्या स्टँडवरून रिक्षा केली, डिंगोऱ्यात आमच्या रानापाशी उतरले… आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

रान बोडकं झालं होतं! उसाच्या सऱ्यांमध्ये मी स्वतःच्या हातांनी अंथरलेलं पाचट गायब, औषधालाही शिल्लक नाही. आणि बांधाला राखेचे ढीग… अजून धुमसत होते.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊस तुटून गेला की रानात वाळलेला पाला उरतो, तेच पाचट. बहुतेक लोक काडी लावून मोकळे होतात. आम्ही ते तसंच जमिनीवर अंथरतो, म्हणजे पुन्हा फुटणाऱ्या उसाखाली ओल टिकते आणि पाला कुजून मातीलाच मिळतो.

माझ्यासाठी ही हौस नाही हो. आमची विहीर चैत्रातच तळ गाठते. दोन वर्षांपूर्वी उघड्या रानातला ऊस डोळ्यांदेखत करपला होता… गेल्या वर्षी पाचट अंथरलं आणि पाण्याची पाळी लांबली तरी ऊस तगला. यंदा सगळा उन्हाळा त्या पांघरुणावर काढायचा होता.

मग जाळलं कोणी? एखाद्या वाईटावर टपलेल्या शेजाऱ्याने? छे! आमच्या गटानेच.

हो, आमचा गट आहे, पाचट न जाळणाऱ्यांचा. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, अशी सावड करून आम्ही एकमेकांची कामं उरकतो. गुरुवारी आंबेगाव तालुक्यातले शेतकरी माझं रान बघायला यायचे होते. आणि पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे आधी झाडू हातात घेतात… घर असो, देऊळ असो, आणि आता रानसुद्धा!

त्याच सकाळी सगळे लांब दांड्याची दाताळी घेऊन आले, पाचट ओढून बांधाला लावलं आणि पेटवलं. सासूबाईंनी त्यांना चहा करून पाजला. मला हे कौतुकाने सांगत होत्या!

तशीच बॅग टाकून बबनभाऊंच्या अंगणात गेले. ते गटाचे प्रमुख आणि आमचे बांधाला बांध शेजारी. गटातले बाकीचेही तिथेच बसले होते. मला बघून भाऊ हसले. "वहिनी, कचरा लई दिसत व्हता वो. पावणं काय म्हनतील? म्हनून समद्यांनी मिळून साफ केलं. तुमाला सरप्राइज!"

"भाऊ, पाहुणे तो कचराच बघायला येणार होते!"

भाऊंनी कपाळावर हात मारला. "आयला… ह्ये डोस्क्यातच न्हाई आलं."

नाही आलं? एवढी माणसं होती, एकाच्याही नाही आलं? मीटिंगमध्ये माईक हातात आला की 'माती जिवंत ठेवा', स्टेटसला गांडुळांचे फोटो… आणि हातात दाताळं आलं की अक्कल गहाण! आणखी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण खरं चिडले ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्यांच्यातलं कोणीतरी हळूच म्हणालं, "बाईमानसाचं रान हाय, घान दिसाय नको." म्हणजे पुरुषाच्या रानात पाचट असलं तर तो प्रयोग, आणि माझ्या रानात असलं तर बाई आळशी? वा रे वा…

गुरुवारी पाहुणे आले. बबनभाऊ म्हणत होते, काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ. मी नाही मारली. सरळ सांगितलं, तुम्ही जे बघायला आलात त्याची राख त्या बांधावर आहे, बघून घ्या. बरीच मंडळी खरंच बांधाकडे राख बघायला वळली. त्यातले एक आजोबा मात्र मला धीर द्यायला म्हणाले, "रान लई सोच्छ ठिवलंय ताई." देवा… तिथेच खाली बसायचं तेवढं बाकी राहिलं होतं!

शुक्रवारी सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजाने बाहेर आले. बबनभाऊ ट्रॉली भरून पाचट घेऊन उभे, मागे गटातली बाकीची माणसं. पाचट कुठलं? त्यांच्या स्वतःच्या रानातलं! आठवड्यापूर्वी त्यांचा ऊस तुटला होता.

मी परत भडकले. एक रान उघडं पाडलंत ते पुरे नाही, आता दुसरं? न्या परत, मला नको तुमचं प्रायश्चित्त.

बबनभाऊ खाली बघतच म्हणाले, "प्रायश्चित्त बियश्चित्त न्हाई वहिनी. माज्या हिरीला जेष्ठापतूर पानी ऱ्हातं, तुमची चैतातच बसती. ज्याचं पानी आदी आटतं, त्याला आदी पांघरून."

मी दाताळं घेतलं आणि त्यांच्याबरोबर पाचट पसरायला लागले. दुपारपर्यंत विहिरीकडचं अर्धं रान झाकून झालं आणि पाचट संपलं. उरलेल्या अर्ध्याचं काय ते उन्हाळाच ठरवील.

पुष्कळ जण विचारताहेत, राग गेला का? अजिबात नाही. जळालेलं पाचट काही परत येत नाही, आणि ते 'बाईमाणसाचं रान' मी जन्मात विसरणार नाही.

पण बबनभाऊंचं रान आता माझ्यापायी उघडं पडलंय. रविवारी तिथे सऱ्यांमध्ये ताग पेरायचा आहे, म्हणजे तो वाढला की तिथेच गाडता येईल आणि मातीला काहीतरी मिळेल. मी जाणार आहे. तोंड फुगवूनच जाणार आहे… पण सगळ्यांच्या आधी जाणार आहे.