गाळणीखालचं फळ

कुंडीत पालथी घातलेली चहाची गाळणी तुम्ही कुठे पाहिली आहे का? आमच्या शेजारचे अप्पा रोज सकाळी ती दोन बोटांनी उचलायचे, खाली डोकावायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे. आतून त्यांच्या बायकोचा, अक्कांचा आवाज यायचा, "गाळणी आणा की आता. चहाचा काढा झाला."

"इरली," अप्पा म्हणायचे.

सीमेवरच्या दुधनीकडचा माणूस, घरात निम्मं बोलणं कन्नड. इरली म्हणजे असू दे. नळाला पाणी आलं नाही, इरली. सात रस्त्याजवळचं चादरींचं दुकान गुडघ्यांपायी बंद करावं लागलं, तेव्हाही इरली. मला या शब्दाचा राग यायचा. कारण त्यांची एकुलती एक मुलगी नंदा जातीबाहेर लग्न करून गेली, तेवढ्या वेळी मात्र हा शब्द त्यांना सुचला नव्हता. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं.

नंदा वाईकडे असते, तिच्या नवऱ्याची रोपवाटिका आहे. माझी बहीणही तिकडेच. एका थंडीत मी बहिणीकडे गेले, तेव्हा नंदानं ओल्या पोत्यात बांधून रानस्ट्रॉबेरीची रोपं माझ्या हातात दिली. "अप्पांना द्या काकू. माझं नाव मात्र सांगू नका."

मी अप्पांना सांगितलं, एका नर्सरीत स्वस्तात मिळाली, तुम्हाला बागेची हौस आहे म्हणून आणली. खोटं बोलताना मी फार बोलते. अप्पा ऐकत नव्हते, ते पोत्यावरच्या सुतळीची गाठ बघत होते. दुकानात चादरींचे गठ्ठे बांधायची त्यांची स्वतःची एक गाठ होती, एक टोक ओढलं की सुटणारी. नंदा लहानपणी दुकानात बसून तीच शिकली होती. अक्का विळी आणायला उठल्या. अप्पांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि टोक ओढलं. सुतळी बोटाभोवती गुंडाळून त्यांनी खिशात टाकली. रोपं कुणी दिली, हे त्यांनी मला विचारलं नाही.

पाण्याच्या टाकीच्या सावलीला कुंड्या लागल्या. कापडाचा पोत बघावा तसं अप्पा एकेक पान चिमटीत धरून बघायचे. पांढरी फुलं आली, मग नखाएवढी फळं. एवढंसं फळ, पण वास असा, की कुंपणापलीकडे मला कळायचं. पहिलं पिकलं ते अप्पा सिद्धेश्वराच्या देवळात वाहून आले. दुसरं पिकलं, तेव्हा बुलबुलांच्या भीतीनं त्यांनी त्याच्यावर गाळणी घातली आणि तसंच ठेवलं.

"आता देवाचं झालं, खावा की," अक्का म्हणाल्या.

"लेकीच्या आधी कसं खायचं?"

अक्कांच्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्या घरात नवं काही आलं की देवानंतर पहिला घास लेकीला. सीताफळ असो, हुरडा असो, ही त्यांची रीत. आणि लेक कुठे आहे, हे बोलायचं नाही, हीसुद्धा त्यांचीच रीत. या दोन्हींत ते फळ गाळणीखाली सुकून गेलं. तिसऱ्याचंही तेच झालं.

मार्च सरला आणि उन्हानं डोकं वर काढलं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तरी अप्पा माठातलं पाणी कुंड्यांना घालायचे. दुकानातली उरलेली चादर भिजवून त्यांनी वर टांगली. ती दुपारपर्यंत वाळून कडक व्हायची. एकेक रोप करपत गेलं. शेवटी एकाच रोपावर एकच फळ राहिलं, अजून टोकाला पांढरं. डॉक्टरांनी अप्पांच्या हृदयाबद्दल काय सांगितलं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. पुढच्या हंगामाचा भरवसा कुणी द्यावा?

अक्का कुंपणाशी आल्या. "तुमीच काय तरी करा की. ह्यांच्या तोंडात मिठाची गुळणी हाय."

मी नंदाला फोन केला.

"त्यांनी बोलावलंय का?"

"बोलले नाहीत, पण..."

"मग नाही, काकू. एकदा त्यांच्या तोंडून येऊ दे की."

बाप तशी लेक. माझं डोकं फिरलं. चालू फोन घेऊन मी तशीच त्यांच्या अंगणात गेले आणि अप्पांपुढे धरला. "नंदा आहे. घ्या."

त्यांनी धोतराला हात पुसला आणि फोन कानाला लावला. अक्का दारात उभ्या होत्या. आता हा माणूस 'इरली' म्हणून फोन परत देणार, असं मला वाटत होतं.

"फळ पिकलंय," अप्पा म्हणाले. "लवकर ये. ऊन लई हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते कुंडीवर छत्री धरून बसले, स्वतः उन्हात. दुपारी नंदा आली आणि फाटकातच थांबली. अप्पांनी ये म्हटलं नाही. गाळणी उचलली, फळ खुडलं आणि हात पुढे केला. तिनं ते घेतलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं त्यांच्या तोंडाशी नेलं. ते तो कण कितीतरी वेळ चघळत राहिले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

"गोड हाय का?" अक्कांनी विचारलं.

"जरा आंबट हाय," अप्पा म्हणाले. "इरली."

ते शेवटचं रोप मे महिन्यात गेलं, आणि पावसाळ्यात अप्पा गेले. मला त्यांची फार आठवण येते, त्या शब्दासकट.

यंदाच्या थंडीत नंदानं स्वतः येऊन त्याच कुंड्यांत नवी रोपं लावली. फळं धरली तेव्हा पुन्हा आली. पहिलं तिनं देवळात वाहिलं. दुसरं पिकलं त्या सकाळी मीही तिथंच होते. तिनं गाळणी उचलली, एक पान चिमटीत धरून बघितलं आणि गाळणी परत झाकली.

"खा की गं," अक्का म्हणाल्या.

"अप्पांच्या आधी कसं खायचं?"

अक्का उठल्या. आत चहा उकळत होता. तो त्यांनी फडक्यातून गाळला.