धायरीतला दोन गाड्यांचा कारखाना

वर्ध्याहून पुण्याला मी निघालो तो केवळ एक गाडी बघायला. सदतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला गाडीचं एवढं काय कौतुक, असं घरचे म्हणाले. पण ही गाडी माझ्या भाचीने, रसिकाने बनवली होती. म्हणजे तिच्यासह सात जणांनी, हाताने. आजवर त्यांच्या दोनच गाड्या तयार झाल्या होत्या. पहिली चाचण्यांसाठी ठेवलेली. दुसरी उद्या सकाळी मुंबईचे एक गृहस्थ घेऊन जाणार होते.

रसिका मला घ्यायला पुणे स्टेशनावर स्कूटर घेऊन आली. सिंहगड रस्त्यावर आम्ही मिसळ खाल्ली. आमच्याकडे पोह्यांवर हवी तेवढी तर्री घालतात, त्या सवयीने मी आणखी सँपल (मिसळीचा रस्सा) मागितलं. मालक म्हणाले, "आधी आहे ते संपवा. मग बघू." मी निमूटपणे संपवलं. मग त्यांनी न मागता आणून वाढलं.

धायरीत एका फॅब्रिकेशनच्या दुकानामागे पत्र्याची शेड होती. आत शिरलो, गाडी पाहिली आणि चपला दाराशीच काढल्या. का काढल्या, मला सांगता येणार नाही. गाडी माझ्या कमरेएवढीही उंच नव्हती. अंग कार्बन फायबरचं (राळेत भिजवून भट्टीत कडक केलेलं काळं कापड), आणि त्याची वीण उजेडात माशाच्या खवल्यांसारखी दिसत होती. कारखान्याचे मालक कानिटकर मला बघत उभे होते.

"हात लावा. चावत नाही," ते म्हणाले.

रसिकाचं खरं काम आत होतं. या गाडीला गिअरचा दांडा नाही, क्लच दाबायचा नाही. स्टिअरिंगमागची पट्टी बोटाने ओढली की एक छोटी मोटर सगळं करते. असा गिअरबॉक्स बाजारात कुठेच मिळत नाही. तिने तीन वर्षं खपून तो घडवला होता.

दुपारी शेवटच्या फेरीसाठी आम्ही साताऱ्याच्या रस्त्याला लागलो. रसिका चालवत होती, मी शेजारी, कानिटकर मागून त्यांच्या जुन्या गाडीत. बोगदा ओलांडून रस्ता मोकळा झाला आणि तिने वेग वाढवला. पाठ सीटला चिकटली. मी गिअरच्या धक्क्याची वाट बघत राहिलो, तो आलाच नाही. फक्त इंजिनाचा सूर चढत गेला. आयुष्यभर मी गिअर बदलताना होणारी खरखर ऐकली आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

परतताना सर्व्हिस रोडच्या चढावर एक गतिरोधक लागला. गाडी त्यावरून उतरली आणि गिअर सुटला. पट्टी ओढून उपयोग होईना. समोरच्या पडद्यावर सूचना आली, मोटर निकामी. मागे वाहनांची रांग लागली, लोकांनी मोबाइल काढले. एक रिक्षावाले शांतपणे म्हणाले, "अहो, विमान जरा कडेला घ्याल का? आम्हाला जमिनीवरून जायचंय." शेजारच्या टायरच्या दुकानातले दोघे धावत आले आणि त्यांनी गाडी सहज ढकलली. "लई हलकी हाय की," त्यातला एक म्हणाला.

रसिकाचा चेहरा उतरला होता. लॅपटॉप जोडून तीही मोटरमध्येच बिघाड शोधत होती. मी तिला मागचं झाकण उघडायला सांगितलं, इंजिन जरा निवू दिलं आणि मोटरकडे जाणाऱ्या वायरीवरून बोटं फिरवत नेली. एक प्लग अर्धा बाहेर सरकला होता. त्याच्यामागे वीतभर वायर मोकळी लोंबत होती. मी तो दाबून बसवला. रसिकाने पट्टी ओढली आणि गिअर पडला.

शेडमध्ये आल्यावर कानिटकरांनी रसिकाला सांगितलं, की गिऱ्हाइकाकडून महिनाभराची मुदत मागून घेऊ आणि मोठ्या कंपनीचा तयार गिअरबॉक्स बसवू. तो कधी दगा देत नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"आपण सदतीस वर्षं बस चालत्या ठेवल्यात. आपणच सांगा."

खरं तर ते म्हणाले तेच मी बोलणार होतो. डेपोत मी कुठल्याही नव्या वस्तूला दारातूनच परत पाठवत असे. पण तसं बोलवेना.

"तिचा गिअरबॉक्स मोडलेला नाही," मी म्हणालो. "वायर बांधलेली नव्हती, एवढंच. आमच्याकडे दर वितीला वायर बांधायचा नियम होता. तो मी नाही शोधला. माझ्याआधी कितीतरी बस रस्त्यात बंद पडल्या, म्हणून कुणीतरी तो लिहून ठेवला. तुमच्याकडे दोनच गाड्या आहेत. तुम्हाला कोण सांगणार? आज या गाडीने सांगितलं. उद्या गाडी देऊ नका, पण तो गिअरबॉक्सही काढू नका. आधी ती खराब रस्त्यावर चालवा."

कानिटकरांनी फोन उचलला आणि मुंबईच्या गृहस्थांना खरं काय झालं ते सांगितलं. ते नाराज झाले, उद्या येतो तेव्हा बघतो म्हणाले.

मी मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले, तेव्हा सगळ्या वायरी बांधून झाल्या होत्या. रसिकाने त्यांना शेजारी बसवून धायरीतल्या सगळ्यांत वाईट रस्त्याने नेलं. गिअर टिकला, पण डावं दार उघडेना. गृहस्थ रसिकामागून उजव्या दाराने सरपटत बाहेर आले, कपडे झटकले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात येतो. गिअर हाच ठेवा."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होतो. माझ्या हातून गेलेली बस कधी रस्त्यात बंद पडली नाही, याचा मला अभिमान होता. पण ज्या वाटेने मी चाललो, ती दुसऱ्यांनी अडखळत मळलेली होती. रसिका जिथून चालली आहे तिथे पाऊलवाटही नाही.

घरी बायकोने पहिलाच प्रश्न विचारला, गाडी नीट चालते का?

"शिकतेय," मी म्हणालो.