कल्याणची जलद बस

परवा बसमध्ये मी सवयीने एकच तिकीट मागितलं आणि मागून चढलेली बायको नुसती खाकरली. डिझेलचा वास नाकात होताच. मी थेट लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पोचलो. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील.

नवऱ्याने चार पावलं पुढे चालायचं, असा तेव्हा आमच्या घरचा रिवाज. ठाण्याच्या थांब्यावरही मी तसाच पुढे होऊन कल्याणच्या जलद बसमध्ये चढलो, खिडकी पकडून ऐटीत बसलो. बस सुटल्यावर वळून पाहिलं, तर सुमन नाही. तिला सातवा महिना लागलेला, गाव नवीन.

"अहो, बायको मागे राहिली."

"ही मध्ये थांबत नाही, साहेब," कंडक्टर म्हणाला. "आता एकदम कल्याण."

कळव्याचा पूल मागे पडला. या बसच्या वेगाचं मला कालपर्यंत केवढं कौतुक होतं.

मी परतलो तेव्हा ती ट्रंकेवर बसून होती. शेजारची कोळीण तिला पदराने वारा घालत होती.

"हाक तरी मारायचीस," मी म्हणालो.

"मारली की. 'अहो' म्हटल्यावर बसमधल्या तीन पुरुषांनी वळून पाहिलं. त्यांत तुम्ही नव्हता."